पहिल्या रांगेतला दंतवैद्य

शनिवार, ६ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण घरात ऐकणारं कुणी उरलेलं नाही. कार्यक्रमाहून आलो, बूट काढता काढता ‘आज त्याने काय वाजवलंय म्हणून सांगू!’ एवढंच म्हणालो, तर ही म्हणाली, ‘नका सांगू.’ बावीस वर्षं मी स्मूद जॅझ ऐकतोय आणि बावीस वर्षं ही माझं ऐकतेय, तेव्हा तिचंही काही चुकलं नाही म्हणा. वर ही वही हातात ठेवली. टूथपेस्टच्या कंपनीने पाठवलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी दातांची निगा कशी राखावी याबद्दल एक ओळ छापली आहे. दंतवैद्याला शिकवतायत.

तर आजचा कार्यक्रम. हॉटेलचा दुसरा मजला, दर शनिवारी संध्याकाळी सहाला असतो तसा. चाळीस खुर्च्या, सतरा माणसं. त्यातली नऊ कुठल्याशा कंपनीच्या परिषदेला आलेली, गळ्यात ओळखपत्रं लटकवून, स्टेजकडे पाठ करून बसलेली. एक जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. बारमधलं बर्फ फोडायचं यंत्र नेमकं हळुवार जागा आली की सुरू व्हायचं. त्या यंत्राची तालाची समज परिषदवाल्यांपेक्षा बरी आहे. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर मी आणि शेजारी आमच्या दवाखान्याखालचा औषधवाला. त्याला या नादाला मीच लावलं.

आणि समोर मखमल. सॅक्सोफोनवाल्याला हे नाव मी दिलं. सगळे जाणकार त्याला याच नावाने ओळखतात, म्हणजे मी आणि औषधवाला.

आज त्याने कमाल केली. एरवी एका दमात पन्नास सूर काढणारा माणूस, आज मोजून दहा. दोन सुरांमध्ये एवढी शांतता की एका परिषदवाल्याने गाणं संपलं समजून टाळी वाजवली. वरच्या सुरांना तर त्याने संध्याकाळभर हातच लावला नाही. माउथपीस नेहमीसारखं मधोमध न धरता तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरलं होतं, त्यामुळे आवाज जरा हवेशीर, जरा कापरा येत होता. याला म्हणतात परिपक्वता. शेवटच्या गाण्यात त्याने डोळे इतके घट्ट मिटले की माझ्या अंगावर काटा आला.

रविवार, ७ जानेवारी

सकाळी बसून त्याला पत्र लिहिलं. चार पानं झाली. ‘हा संयम सोडू नका. कुणी काहीही म्हणो, एक सूरही वाढवू नका. आहे हे असंच ठेवा.’ खाली सही केली, ‘पहिल्या रांगेतला एक’. नाव मुद्दामच घातलं नाही. दंतवैद्याने स्तुती केली की लोकांना उगाच शंका येते, याला आपल्या तोंडात काहीतरी दिसलं असणार.

‘मला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत,’ ही म्हणाली. तू कधी सॅक्सोफोन वाजवलास का, असं विचारणार होतो. नाही विचारलं. पाकीट हॉटेलच्या काउंटरवर देऊन आलो.

शनिवार, २७ जानेवारी

पत्र पोचलं! आज त्याने सुरुवातीलाच माइकवर सांगितलं, ‘एका श्रोत्याचं पत्र आलं. आजचा कार्यक्रम त्यांच्यासाठी.’ औषधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आज तर आठच सूर. दोन गाण्यांच्या मध्ये तो तळहातावर गाल टेकवून बसतो, विचारात बुडालेला. वेटरने बर्फाचं पाणी आणलं तर हात हलवून नको म्हणाला, कोमट मागितलं. एवढा मोठा कलाकार आणि काय साधा माणूस आहे!

औषधवाल्याला मात्र पूर्वीची फास्ट गाणी हवीत. ‘डॉक्टर, हल्ली जरा मरगळ वाटते बुवा,’ म्हणे. खोकल्याची औषधं विकणाऱ्याला बारकावे काय कळणार, जाऊ दे. मग म्हणाला, ‘बाय द वे, तुमचे मखमल माझ्या दुकानात येतात. दर शनिवारी दुपारी दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी नेतात.’ असले श्रोते असल्यावर डोकं दुखणार नाही तर काय होईल? मी त्याला विचारलं, ‘काही बोलला का? संगीताबद्दल?’ तो म्हणाला, ‘रिकाम्या पोटी घेऊ का, एवढंच विचारलं.’

मंगळवार, ६ फेब्रुवारी

माझ्या दवाखान्यात दिवसभर स्मूद जॅझ चालू असतं. पेशंटला बरं वाटावं म्हणून. आज एक बाई सांगत होत्या की लिफ्टमध्ये सॅक्सोफोन ऐकू आला की त्यांची हिरडी आपोआप बधिर होते. आणि माझा मेहुणा, जो ‘खरं जॅझ’ ऐकतो आणि बाकी सगळ्यावर नाकाने कांदे सोलतो, तो म्हणतो स्मूद जॅझ ही संगीतातली भूलच आहे. दोघं भेटली तर त्यांचं चांगलं जमेल.

शनिवार, १७ फेब्रुवारी

नव्या मॉलच्या उद्घाटनाला मखमलचा कार्यक्रम होता. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी स्टेज. रसिक वर जाता जाता दहा सेकंद ऐकायचे आणि खाली येता येता आणखी दहा. एका आजोबांनी मला विचारलं, ‘हे फ्रीजवाल्यांचं आहे का?’ निवेदिका दर गाण्यानंतर ‘आणखी जोरात होऊन जाऊ द्या!’ असं किंचाळत होती, टाळ्यांना की सॅक्सोफोनला ते कळलं नाही.

पण तो ढळला नाही. चारच गाणी, सगळी संथ. भावनेने त्याचा डावा गाल भरून आलेला स्पष्ट दिसत होता. इतक्या जवळून कलाकाराचा चेहरा बघायला मिळणं हे पहिल्या रांगेचं सुख. मागे बसणाऱ्यांना हे दिसतच नाही.

शनिवार, ९ मार्च

हॉटेलच्या मॅनेजरने मध्यंतरात गाठलं. म्हणाला, ‘सर, तुम्ही नेहमीचे आहात म्हणून विचारतो. आजकाल हे जरा झोपाळू वाटत नाही का? पाहुण्यांच्या तक्रारी येतायत. असंच राहिलं तर एप्रिलनंतर शनिवार बंद करावे लागतील.’ मी त्याला पंधरा मिनिटं संयम या विषयावर सुनावलं. तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, ‘सर, मला खोलीत माणसं लागतात हो.’ सतरावरून अकरावर आलो आहोत हे खरं आहे. पण त्या अकरांत मी आहे याची त्याला किंमत नाही.

शनिवार बंद झाले तर मी काय करणार आहे, हा विचार घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. आठवडाभर लोकांचे आ वासलेले जबडे बघायचे आणि शनिवारी घरी बसून टीव्ही? मला ते शनिवार हवेत. इथे लिहायला हरकत नाही, मला त्यांची भीक मागायचीही तयारी आहे.

शनिवार, ३० मार्च

लग्नाचा वाढदिवस. ही म्हणाली, ‘चला, आज तुमच्या त्या माणसाला ऐकते. एकदाचं होऊन जाऊ दे.’ मी खूश. जाताना वाटेत तिला स्मूद जॅझची पूर्वपीठिका समजावली. तिने खिडकीची काच खाली केली.

पहिलं गाणं सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील. ही माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘अहो, याचा दात दुखतोय.’

मी म्हटलं, ‘शू!’

‘शू काय? वरचा, डावीकडचा. बघा ना कसं तोंड धरलंय. आपल्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर अठ्ठावीस वर्षं नंबर लावताना हीच तोंडं बघतेय मी.’

‘त्याची शैली आहे ती.’

‘शैली? मग आपल्या बाकावर रोज बारा शैलीदार माणसं बसतात.’

सगळी संध्याकाळ खराब झाली. परत येताना म्हणाली, ‘जाऊन विचारायचं होतं एकदा. दंतवैद्य ना तुम्ही?’ मी सांगितलं, मैफलीला मी कान घेऊन जातो, दवाखाना घरी ठेवून जातो. आणि कलाकाराला कुणी असं विचारतं का? ‘वा, काय वाजवलंत, जरा आ करा?’ तिने वळून खिडकीबाहेर बघितलं. अगाध आहे हिचं संगीताचं ज्ञान.

रविवार, ३१ मार्च

दात घासताना तिचं बोलणं आठवलं. कोमट पाणी. गोळ्या. गाल. एक एक करून आठवलं आणि मी जोरजोरात चूळ भरली.

नाही, असं काही नाही. उजव्या कोपऱ्याने अनेक जण वाजवत असतील. समजा विचारलं आणि ती म्हणते तेच खरं निघालं, तर तीन महिने मी कशाला डोळे मिटून मान डोलावत होतो? चार पानं कशावर लिहिली? छे. विचारणार नाही. पुढच्या शनिवारी जरा लांब बसेन, म्हणजे उगाच काही दिसायला नको.

शनिवार, १३ एप्रिल

तिसऱ्या रांगेत बसलो होतो. दुसऱ्या गाण्यात तो एका लांब सुरावर थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. सॅक्सोफोन खाली आला, मान खाली गेली, खोलीत चिडीचूप. मला वाटलं, आजवरची सगळ्यांत मोठी शांतता. टाळी मीच आधी वाजवली. मग बाकीच्या नवांनी.

त्याने मान वर केली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला होता. माउथपीसवर रक्त होतं. ‘माफ करा,’ म्हणाला, आणि गाल धरून आत गेला. माझे हात तसेच टाळीच्या वेळचे, हवेत.

औषधवाला धावत आत गेला. मी नाही गेलो.

सोमवार, १५ एप्रिल

औषधवाल्यानेच त्याला माझ्याकडे पाठवलं. मी आलो तेव्हा तो बाकावर बसला होता, हिने त्याला खारट कोमट पाणी दिलं होतं. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य बोलला, ‘डॉक्टर, हे म्युझिक बंद करता का?’ केलं. मी मास्क लावलेला होता, त्याने मला ओळखलं नाही.

वरचा डावीकडचा समोरचा दात. मुळाशी पू, आजूबाजूचं हाड खाल्लेलं. एक्स-रेमध्ये मूळ उभं तडकलेलं दिसतंय. सॅक्सोफोन वाजवताना वरचे समोरचे दोन दात माउथपीसवर टेकवून सगळा भार त्यांच्यावर घेतात. हे मला बावीस वर्षं माहीत आहे. मेहुण्याला एकदा पेपर नॅपकिनवर आकृती काढून समजावलं होतं. जानेवारीत रूट कॅनालवर भागलं असतं. आता दात काढण्यावाचून इलाज नाही, आणि तो काढल्यावर हा माणूस पूर्वीसारखं वाजवू शकेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही.

‘इतके दिवस का थांबलात?’ मी विचारलं. हे मी प्रत्येक पेशंटला विचारतो, त्याच रागावलेल्या आवाजात.

तो म्हणाला, ‘जानेवारीतच येणार होतो. दुखत होतं म्हणून बिचकत बिचकत वाजवायचो, माझंच मला ऐकवत नव्हतं. तेवढ्यात एक पत्र आलं. चार पानी. त्यांनी लिहिलं होतं, आहे हे असंच ठेवा. मग वाटलं, एवढा जाणकार माणूस म्हणतोय तर असेल काहीतरी यात. दाताला हात लावला आणि हे जे काही आलंय ते गेलं तर? म्हणून गोळ्यांवर ढकललं. वीस वर्षं वाजवतोय डॉक्टर, लोक जेवतात आणि मी वाजवतो. पत्र पहिल्यांदाच आलं होतं.’

मी एक्स-रे दिव्यासमोर धरून उभा राहिलो. बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. पू काढला, गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या सोमवारी या म्हणालो. पत्राबद्दल काही बोललो नाही.

हिला रात्री जेवताना सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ‘मी सांगितलं होतं’ एवढं तरी म्हणेल. तिने माझ्या पानात आणखी भात वाढला. ते जास्त लागलं.

सोमवार, २२ एप्रिल

दात काढला. आधी सांगायचं ठरवलं होतं. मग वाटलं, हातात पकड असताना कसं सांगायचं. मग नंतर, त्याच्या तोंडात कापसाचा बोळा घालून ‘अर्धा तास घट्ट दाबून धरा, बोलायचं नाही’ असं सांगितलं, आणि त्याच अर्ध्या तासात सांगून टाकलं. भेकडपणाची हद्द झाली. ‘ते पत्र माझं होतं. आणि मार्चअखेरीस मला कळलं होतं की तुमचा दात दुखतोय. कळलं होतं आणि मी दोन रांगा मागे जाऊन बसलो.’

त्याने टेबलावरचं माझं प्रिस्क्रिप्शनचं पॅड ओढलं आणि लिहिलं, ‘अक्षरावरून ओळखायला हवं होतं.’

मी हसलो. तो हसला नाही. उठला, सॅक्सोफोनवाल्याच्या सवयीने गळ्यातला पट्टा चाचपला, जो नव्हता, आणि निघून गेला.

शनिवार, ४ मे

हॉटेलात गेलो. सवयीने पाय गेले. स्टेजच्या जागी आता एक मोठी कुंडी ठेवली आहे आणि छतातल्या स्पीकरमधून सॅक्सोफोन चालू आहे, अगदी गुळगुळीत, एकही चूक नाही. वीस माणसं होती. मॅनेजर म्हणाला, ‘बघा सर, कसं छान वाटतंय.’ मी कुंडीसमोर कॉफी संपवली आणि घरी आलो.

शनिवार, ११ मे

टाके काढायलाही तो आला नाही, दुसरीकडे काढून घेतले म्हणे. तात्पुरता दात बसवायचा आहे, माप घ्यायचंय. मी फोन हातात घेतो आणि ठेवतो. शेवटी हिनेच फोन केला. ‘काय बोलला?’ मी तीनदा विचारलं. ‘बघतो म्हणाला. आणि तुम्ही आता येरझारा घालू नका, खाली औषधवाल्याच्या डोक्यावर धपधप होतंय.’

सोमवार, ३ जून

आला. बाकावर बसला, नंबर लावून, चौथा. आत आल्यावर म्हणाला, ‘राग होता. तुमच्यावर होताच. पण त्याहून जास्त माझ्यावर. माझ्याच कानांना खोटं पाडलं मी. स्तुतीची एवढी भूक लागली होती, डॉक्टर.’

‘आ करा,’ म्हणालो. माप घेतलं. कायमचा दात बसवायचा तर आधी हाड भरून यायला हवं, त्यात महिने जातील. तोवर शेजारच्या दातांना चिकटवून एक दात देईन. तो किती भार सोसतो ते वाजवूनच बघावं लागेल. पुढच्या सोमवारी सॅक्सोफोन घेऊन या म्हणालो. ‘इथे?’ त्याने विचारलं. ‘इथे.’

सोमवार, १० जून

दात चिकटवला. त्याने खुर्चीतच बसून सॅक्सोफोन गळ्यात अडकवला आणि फुंकर मारली. जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरचा एक पेशंट उठून घरी गेला.

‘कसं वाटलं?’ त्याने विचारलं.

तोंडाशी आलेलं सगळं नेहमीचं होतं, बावीस वर्षांचा साठा. ते गिळलं. ‘वाईट,’ मी म्हणालो.

‘किती वाईट?’

‘डावीकडून हवा गळतेय. वरचा सूर लागतच नाही.’

त्याने मान डोलावली, जणू पत्ता विचारल्यावर कुणीतरी नीट सांगितला. ‘दाताची कड जरा लांब वाटतेय,’ म्हणाला. मी घासली. पुन्हा फुंकर. पुन्हा वाईट. पुन्हा घासली, एवढीशी. ही दाराशी येऊन म्हणाली, ‘अहो, बाहेर तिघं खोळंबलेत.’ मी म्हटलं, ‘खोळंबू देत.’ ती गेली नाही, तिथेच उभी राहिली.

सहाव्या की सातव्या वेळेला त्याने माउथपीस तोंडात मधोमध धरलं आणि सूर सरळ निघाला. मग वरचा. मग तो थांबेचना. एका दमात पन्नास सूर, भराभर, पूर्वीचं तेच झगमगीत वाजवणं, मध्ये कुठे श्वास घ्यायलाही जागा नाही. माझी ट्रेमधली अवजारं थरथरत होती. ही चक्क ‘वा!’ म्हणाली.

आणि मला? इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. मला ते जानेवारी ते एप्रिलचं वाजवणं जास्त आवडतं. अजूनही. ते कशातून येत होतं हे कळल्यावरसुद्धा. या गोष्टीची मला लाज वाटते आणि ती मला पुरेल तेवढी आहे.

त्याने सॅक्सोफोन खाली घेतला. ‘आता?’

‘दात नीट बसलाय,’ मी म्हणालो.

‘आणि वाजवणं?’

‘ते तुम्ही सांगा.’

त्याने जिभेने नवा दात चाचपला, एकदा गालावर बोट दाबून बघितलं. ‘दुखत नाही,’ तो म्हणाला, आणि पुन्हा वाजवायला लागला.